अंबाडीचे पाते : पवनचक्कीतल्या जैविक संमिश्राचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडाशी मी आणि माझे चुलतभाऊ नाना लातूरहून औशाकडे निघालो होतो. नागपूर–तुळजापूर महामार्गावर एका वळणाला सगळी वाहने थांबवलेली. पुढे एक भलामोठा ट्रेलर होता आणि त्यावर पवनचक्कीचे एकच पांढरे पाते. पात्याचे टोक रस्ता सोडून शेजारच्या शेतावरून फिरत होते. धाराशिव आणि बीडच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यापासून असे ट्रेलर आम्हाला नवीन नाहीत. नाना मात्र बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हे मोडल्यावर टाकतेत कुठं रे?”

मी लातूरला अभियांत्रिकीच्या मुलांना पदार्थशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली. या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते आणि ते सांगायला बरे वाटत नव्हते. पंधरा दिवसांनी नानांनी दुसरा प्रश्न काढला. कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली होती. परदेशात आता झाडांच्या तंतूंपासून पाती करणार, असे तिच्यात होते. शेतातल्या रोपावर बोट ठेवून नाना म्हणाले, “ही तर आपली अंबाडी. दोन एकर पेरावं का औंदा?”

नानांनी रोप बरोबर ओळखले होते. जगाच्या बाजारात जिला ‘केनाफ’ म्हणतात, ती आपल्या अंबाडीच्याच कुळातली. आपल्याकडे भाजीची आंबट अंबाडी आणि वाखाची उंच अंबाडी अशा दोन भावंडांना आपण एकाच नावाने हाक मारतो. इंग्रजांच्या काळात वाखाच्या अंबाडीला ‘दख्खनी हेंप’ असे व्यापारी नाव होते. प्रश्न विचारणारा माणूस घरचा आणि पेरणीचे पैसे त्याच्या खिशातले. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. तो हिशेब असा.

पात्यात असते काय

लांबून पोलादी वाटणारे पाते आतून वेगळेच असते. काचेचे केसासारखे बारीक तंतू एका दिशेने मांडून, त्यांत इपॉक्सी किंवा पॉलिएस्टरची राळ मुरवून ते साच्यात घट्ट करतात. तंतू ताण घेतो आणि राळ तंतूंना धरून ठेवते. दोन वेगळे पदार्थ मिळून एकाचे काम करतात, म्हणून याला संमिश्र म्हणायचे. शेण, माती आणि भुसा यांचे लिंपण केलेली भिंत हेही संमिश्रच. भुसा नसेल तर माती तडकते. फार लांब पात्यांच्या कण्यात काचेबरोबर कार्बनचे तंतूही घालतात.

या दोन थरांच्या मध्ये हलका गाभा असतो आणि तो बऱ्याचदा बाल्सा नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो. म्हणजे वनस्पती पात्यात आजही आहे, कित्येक दशकांपासून आहे. आता ‘जैविक संमिश्र’ म्हणून जी चर्चा चालते, तिच्यात आणखी दोन बदल येतात. काचेच्या जागी जवस, ताग, अंबाडी किंवा बांबूचा तंतू घ्यायचा. आणि खनिज तेलापासून बनणाऱ्या राळेच्या जागी सोयाबीनचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, ग्लिसरीन किंवा साखर यांपासून बनलेली राळ घ्यायची. पहिला बदल आपल्या बांधावरच्या अंबाडीशी जोडलेला आहे, तर दुसरा लातूरच्या आडतीवर येणाऱ्या सोयाबीनशी. नानांना वाटलेली आशा अगदीच हवेतली नव्हती.

वाखाची जमेची बाजू

काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, तर वाखाची साधारण दीडपट. त्यामुळे तेवढ्याच आकाराची वस्तू हलकी होते. काच वितळवायला प्रचंड उष्णता लागते. वाख मात्र सूर्यप्रकाशावर वाढतो आणि वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो. काचतंतू कापणाऱ्या कामगाराच्या अंगाला खाज सुटते, फुफ्फुसांची काळजी घ्यावी लागते. वाखाला तो त्रास कमी.

हे केवळ कागदावर राहिलेले नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात दर्शील शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवसाच्या तंतूंचे साडेतीन मीटरचे पाते केले आणि तशाच काचतंतूच्या पात्याशी त्याची तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. जवसाचे पाते सुमारे १० टक्के हलके भरले आणि भाराच्या चाचणीत टिकलेही. ते काचेच्या पात्यापेक्षा जास्त लवत होते. छोट्या पात्याला ते चालून गेले. हा लवण्याचा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

हिशेब कुठून धरायचा

एखाद्या वस्तूचा पर्यावरणावरचा भार मोजायचा तर कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत सगळे धरावे लागते. याला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. आपल्याकडचा जाणता शेतकरी जनावर घेताना नुसती बाजारातली किंमत धरत नाही. कडबा, पेंड, भाकड दिवस आणि शेवटी काय येईल हे सगळे धरतो. तसेच हे.

आता गंमत बघा. २००४ च्या सुमारास अभ्यासकांनी मांडलेले एक कोष्टक फार गाजले. काचतंतूची एक किलो चटई करायला सुमारे ५५ मेगाज्यूल ऊर्जा लागते आणि जवसाच्या चटईला १० मेगाज्यूलही लागत नाहीत, असे त्यात होते. पुढे २००९ मध्ये प्लायमथ विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जवसाचा हिशेब पुन्हा केला. त्यांनी नांगरट, खत, फवारणी, कुजवण, विंचरणे असे सगळे धरले. विंचरून सरळ केलेल्या तंतूला किलोमागे ५५ च्या आसपास, आणि सूत कातले तर ८० च्या घरात मेगाज्यूल लागतात असे दिसले. म्हणजे काचेइतके किंवा काचेहून जास्त.

दोन्ही आकडे खोटे नाहीत, फक्त मोजलेली वस्तू वेगळी आहे. विस्कटलेल्या तंतूंची चटई मोटारीच्या दाराला चालते. पात्याला मात्र एका दिशेने सरळ मांडलेला तंतू लागतो. तंतू जितका सरळ करायचा तितकी यंत्रे, वीज आणि मेहनत वाढते. ‘झाडापासून केले’ एवढ्यावरून भार कमी ठरत नाही.

यात पाणी अजून आलेलेच नाही, आणि लातूरच्या माणसाने ते आधी धरले पाहिजे. अंबाडीचा वाख सोटापासून सुटा करायचा तर ताटे पाण्यात कुजवावी लागतात. माझ्या लहानपणी ओढ्याच्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या दगडाखाली दाबून ठेवलेल्या असत. दहा-पंधरा दिवसांनी साल सोलून, आपटून, धुऊन वाख काढत आणि मग दावी, कासरे, चऱ्हाटे वळत. पाण्याला काळा रंग आणि उग्र वास येई, मासे वर येत. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, त्याचा हा परिणाम. चार पेंढ्यांचा हा त्रास चार दिवसांनी निवळत असे.

आता मोठ्या प्रमाणावर करून बघू. सोयीसाठी २ मेगावॅटची एक पवनचक्की घेऊ. तिच्या तीन पात्यांचे वजन ढोबळमानाने २० टन, त्यात काच १२-१३ टन. तेवढीच जागा वाखाने भरायची तर वाख हलका असल्याने साधारण ७ टन पुरेल. हिरव्या ताटांच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास कोरडा वाख निघतो, म्हणजे ७ टनांसाठी १४० टन ताटे. ताटांच्या किमान दहापट पाणी धरले तर १,४०० टन, अर्थात १४ लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. तिच्या पहिल्या फेरीला १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. एका पवनचक्कीच्या पात्यांचा वाख कुजवायला अशा जवळजवळ तीन फेऱ्या लागतील. तेच पाणी दोन-तीनदा वापरता येईल हे खरे, पण शेवटी ते काळे पाणी कुठेतरी सोडावे लागेलच.

याला उपाय आहे. ताटे शेतातच यंत्राने सोलून फक्त साल कुजवली तर पाणी पुष्कळ कमी लागते आणि दिवसही वाचतात. पण हे यंत्र, त्याची वीज आणि मजुरी हिशेबात आणली पाहिजे. चित्रफितीत ती नव्हती.

‘झाडाचे म्हणजे निर्मळ’ या समजुतीची किंमत दुसऱ्या एका मुलखाने आधीच मोजली आहे. बाल्साचे बहुतेक लाकूड दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातून येते. २०१९-२० मध्ये चीनमध्ये पवनचक्क्यांची लाट आली, बाल्साचे भाव भडकले आणि लागवडीतले लाकूड पुरेना. मग तोडणारे ॲमेझॉनच्या खोऱ्यात, नदीतल्या बेटांवर आणि आदिवासींच्या जमिनीत शिरले. पुढे पाती बनवणाऱ्यांनी बाल्साच्या जागी पेट प्लास्टिकचा फेसाळ गाभा वापरणे वाढवले. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, तेच हे. जंगलावरचा भार कमी करायला तिथे प्लास्टिक कामी आले.

वाऱ्यातली वीस वर्षे

पाते घडवताना लागणाऱ्या ऊर्जेहून मोठा प्रश्न ते किती वर्षे आणि कसे फिरते हा आहे. मोठ्या पात्याचे टोक सेकंदाला ८० मीटरच्या आसपास वेगाने जाते, म्हणजे ताशी जवळपास २९० किलोमीटर. त्या वेगाला पावसाचा थेंब आणि आपल्याकडची उन्हाळी धूळ पात्याची कड खात जाते. शिवाय प्रत्येक फेरीत पाते स्वतःच्या वजनाने एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला वाकते. मिनिटाला १२ फेऱ्या धरल्या, थांबलेले दिवस वजा केले, तरी २० वर्षांत आठ-दहा कोटी वेळा हे घडते.

वाखाची खरी अडचण इथे येते. ज्याने अंबाडीचे दावे पावसात सोडवून पाहिले आहे, त्याला ती सांगायला नको. भिजले की दावे फुगते, आखडते आणि गाठ सुटता सुटत नाही. तंतूतल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. पात्यात राळेने मढवला तरी बारीक भेगेतून ओल शिरते, तंतू फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि राळेपासून सुटतो. मी कुतूहलापोटी काचतंतूची आणि अंबाडीच्या वाखाची अशा दोन पट्ट्या एकाच राळेत करून एक पावसाळा गच्चीवर ठेवल्या होत्या. दिवाळीपर्यंत अंबाडीची पट्टी कडेने फुगली होती आणि जिथे कापली होती तिथे काळपट बुरशी धरली होती. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हती. कडा नीट बंद केल्या असत्या, वाखावर आधी अल्कलीची प्रक्रिया केली असती, तर निकाल बरा आला असता. पण ओल कुठून शिरते ते डोळ्यांनी दिसले.

दुसरी अडचण लवण्याची. साडेतीन मीटरचे पाते थोडे जास्त लवले तर चालते. साठ मीटरचे पाते जास्त लवले तर ते मनोऱ्यावर आपटायची भीती असते. ताठपणा आणायला तंतू वाढवावा लागतो, मग वजन वाढते आणि हलकेपणाचा फायदा तिथेच संपतो.

टिकाऊपणाला इतके महत्त्व का, ते एका साध्या गुणाकारातून कळते. आपली २ मेगावॅटची पवनचक्की क्षमतेच्या २५ टक्के चालली तर वर्षाला सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट वीज देते. जैविक पात्यामुळे, आकार किंचित बदलल्याने वा दुरुस्तीसाठी जास्त थांबल्याने, यातली फक्त १ टक्का वीज कमी झाली असे धरू. ती ४३,८०० युनिट कोळशावर चालणाऱ्या ग्रीडमधून घ्यावी लागतील. युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला ३० टन आणि २० वर्षांत ६०० टन होतात. उलट, काच आणि इपॉक्सीची २० टन पाती घडवताना किलोमागे ५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो असे धरले, तरी एकूण १०० टन. म्हणजे पाती अगदी शून्य कार्बनची केली तरी वाचणार १०० टन. आणि ती १ टक्का कमी चालली तर जाणार ६०० टन.

याचे कारण सोपे आहे. पवनऊर्जेचा कार्बन मुळातच थोडा आहे. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीने २०१४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जमिनीवरच्या पवनचक्कीचा सगळा जन्मभराचा हिशेब धरूनही युनिटमागे सुमारे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, तर कोळशाचा सुमारे ८२० ग्रॅम. त्या ११ ग्रॅममध्येही मोठा वाटा पोलादी मनोऱ्याचा आणि काँक्रीटच्या पायाचा आहे. पाते बदलून कार्बनमध्ये होणारी बचत किरकोळ आहे.

मोडल्यावर कुठे

मग पात्याचा त्रास कशात आहे? नानांच्या पहिल्या प्रश्नात. पवनचक्कीचे पोलाद, तांबे आणि ओतीव लोखंड भंगारात विकले जाते. वजनाने ८५ ते ९० टक्के भाग असा परत वापरात येतो. पाते येत नाही. एकदा घट्ट झालेली इपॉक्सी उष्णतेने वितळत नाही, फक्त जळते, आणि काच वेगळी काढणे खर्चाचे पडते. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावाजवळ कापलेली पाती ओळीने खड्ड्यात पुरतानाची छायाचित्रे २०२० मध्ये जगभर फिरली. जर्मनीत पाती चुरून सिमेंटच्या भट्टीत घालतात. राळ इंधन म्हणून जळते आणि काच सिमेंटच्या घटकांत मिसळते. आपल्याकडे चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यात हे शक्य आहे, पण धाराशिवहून तिथपर्यंतची वाहतूक कुणाच्या खर्चाने, हे आधी ठरायला हवे.

आणि हा प्रश्न लांबचा नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. जुन्या लहान चक्क्या काढून मोठ्या बसवण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये धोरणही आणले. जुनी पाती खाली उतरणार, हे नक्की आहे.

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. जैविक म्हणजे कुजणारे, असे धरले जाते. सोयाबीनच्या तेलापासून केलेली राळसुद्धा एकदा जाळीदार घट्ट झाली की इपॉक्सीसारखीच अविनाशी होते, आणि तिच्यात अडकलेला वाखही मग मातीत जात नाही. कुजणारे पाते वीस वर्षे वाऱ्यापावसात टिकणारच नाही. कच्चा माल कुठून आला हा एक प्रश्न आणि वस्तू शेवटी सुटी होते का हा दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

शेवटी सुटी होणारी राळ बनवणे हे रसायनशास्त्राचे काम आहे आणि त्यात खरी प्रगती झाली आहे. सीमेन्स गमेसा कंपनीने २०२१ मध्ये पुनर्वापराचे पाते जाहीर केले आणि २०२२ मध्ये जर्मनीच्या समुद्रात ते बसवले. सौम्य आम्लात गरम केले की त्यातली राळ विरघळते आणि काच, लाकूड वेगळे मिळते. ती राळ आपल्या आदित्य बिर्ला समूहाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने साखरेसारख्या जैविक स्रोतांतून करता येणाऱ्या एका राळेचा शोधनिबंध ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिचे त्यांनी नऊ मीटरचे पाते केले. मिथेनॉलमध्ये तापवले की काही तासांत राळ आपल्या मूळ घटकांत परतते. तंतू मात्र काचेचाच ठेवला आहे. तंतू टिकाऊ ठेवायचा आणि राळ सुटी होणारी, जमल्यास पिकापासूनची करायची, हा मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. जर्मनीत ब्रॉयना इथे २०२४ मध्ये लाकडी पातळ थरांची पातीही एका चक्कीवर चढवली आहेत. ती सुमारे १९ मीटरची आहेत. त्यांचे पावसाळे अजून जायचे आहेत.

नानांना काय सांगितले

हिशेब घेऊन मी नानांकडे गेलो. एका पवनचक्कीला ७ टन वाख धरला आणि हेक्टरी १०-१२ क्विंटल उतारा धरला, तर सहा-सात हेक्टर पुरे. तेही वीस वर्षांतून एकदा. वर्षाला शंभर चक्क्या अशा झाल्या तरी सहा-सातशे हेक्टरांत मागणी संपते. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनच चार लाख हेक्टरांवर असते. तेव्हा पात्याच्या भरवशावर दोन एकर मोडू नका, असे मी म्हणालो.

अंबाडी टाकून द्या असे मात्र मी म्हणालो नाही. ज्वारी-तुरीच्या कडेने पूर्वी असायची तशी ती कोरडवाहू येते, वेगळे पाणी मागत नाही. मोटारींच्या दारांच्या आतल्या फळ्यांत केनाफ अनेक वर्षे वापरला जातो. पवनचक्कीतही यंत्रघराचे आवरण, आतली झाकणे, शेतावरच्या लहान चक्कीची पाती अशी कमी ताणाची कामे वाखाला झेपतील. साल शेतातच सोलणारे यंत्र गावात आले, तर दोरखंड, गोणपाट आणि अशा फळ्यांसाठी वाखाला गिऱ्हाईक मिळू शकते. ते आधी यावे, पेरा मागून वाढवावा.

नानांनी सगळे ऐकले आणि एक निळी फाइल माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या माळावरच्या तुकड्यासाठी एका कंपनीने भाडेपट्ट्याचा मसुदा दिला होता. मी तो दोनदा वाचला. भाडे, रस्ता, केबलचा हक्क, पीक नुकसानभरपाई असे सगळे होते. मुदत संपल्यावर पाती कोण उतरवणार, कुठे नेणार, त्याचा खर्च आधीच कुठे बाजूला ठेवणार, यावर एक ओळ नव्हती. पाया उकरून जमीन पूर्ववत करण्याचेही काही नव्हते.

मी पेन्सिलीने तेवढी दोन कलमे समासात लिहून दिली. पाते जवसाचे असो, अंबाडीचे की काचेचे, नानांच्या माळावर त्याचा जो काही भार पडायचा तो या दोन कलमांवर ठरणार आहे. फाइल अजून परत आलेली नाही. नानांनी सहीही केलेली नाही. अंबाडी मात्र यंदा तुरीच्या दोन्ही कडांना एकेक तास लावली आहे.